अंबाडीच्या चहावरचा आळ

१

सोमवारी संध्याकाळी श्रावण गुरुजी वाक्याच्या मधोमध थांबले. लोकांना वाटलं, पान उलटत असतील. पण पान काही उलटलं नाही. गुरुजींनी एक हात डोक्याला लावला, दुसऱ्या हातानं ग्रंथ आधी बाजूला ठेवला, आणि मग स्वतः हळूच एका कुशीवर कलंडले. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, पडतानाही पुस्तकाला धक्का लागू दिला नाही.

तळेगावचा हा विहार तसा लहानच. पावसाळ्याच्या तीन महिन्यांच्या वर्षावासात तिथं रोज संध्याकाळी तासभर ग्रंथवाचन चालतं, आणि वाचक म्हणजे श्रावण गुरुजी, हे गावानं केव्हाच ठरवून टाकलेलं. त्या दिवशी समोर चाळीसेक माणसं होती. त्यात विमला सिस्टरही होती, हे गुरुजींचं नशीब.

विमला सिस्टर म्हणजे तीस वर्षं दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेली नर्स. बाई लग्नाला जावो की मयतीला, पिशवीत बीपीचं मशीन असणारच. गाव त्यावरून तिची चेष्टा करायचं. त्या दिवशी कोणी केली नाही. मशीनवर दोनशे दहाचा आकडा आला आणि सिस्टर एवढंच म्हणाली, "रत्नदीप, गाडी काढ. सेवाग्राम."

रत्नदीप हा विहार समितीचा अध्यक्ष, गावात त्याचं औषधाचं दुकान. त्यानं गाडी काढली. पण गाडी फाटकाबाहेर पडण्याआधीच मागून कोणीतरी बोललं, "मी म्हनतच होतो. तो चहा."

बस्स. एवढं पुरे झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा बनवणाऱ्या पंचफुलाच्या ओट्यावर चहाची एकोणतीस पाकिटं येऊन पडली होती. कोणी भांडलं नाही, कोणी हाक मारली नाही. आले, ठेवलं, गेले.

२

चहा अंबाडीचा. लाल अंबाडीची बोंडं हिवाळ्यात तोडायची, आतलं बी काढायचं, पाकळ्या सावलीत वाळवायच्या, आणि चिमूटभर गरम पाण्यात टाकायच्या. रंग असा की नवरीच्या शालूनं लाजावं, आणि चव अशी की दात आंबावेत. ज्यांना शुगर आहे आणि वर बीपीही आहे, त्यांचं बीपी यानं थोडं उतरतं, असं तालुक्याच्या एका शिबिरात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. थोडं, असंही त्या म्हणाल्या होत्या. पंचफुलाच्या बचत गटानं ते मनावर घेतलं, आणि विमला सिस्टरनं दोन अटी घातल्या. साखर-गूळ टाकायचा नाही. आणि गोळी सोडायची नाही, जो सोडेल त्याला मी चहा पिऊ देणार नाही.

असे शुगर-बीपीवाले अकरा जण होते, गुरुजी धरून; बाकीच्या घरांनीही हौसेनं पाकिटं नेली होती. वाचनानंतर विहारात सगळे एका गंजातला, म्हणजे मोठ्या पातेल्यातला, चहा प्यायचे, पाकीट नेऊन सकाळी घरी प्यायचे, आणि दर रविवारी सिस्टर या अकरा जणांचं बीपी वहीत लिहायची. अकरावी ती स्वतः.

त्या मंगळवारीच सिस्टर घरी गेली तेव्हा पंचफुला चुलीपुढे बसली होती. पन्नाशीची बाई, बोलायला कमी, कामाला वाघीण. तिनं सिस्टरला पाहिलं, गंजातून गिलास भरला आणि तिच्यादेखत घटाघट पिऊन टाकला. मग दुसरा.

"पंचफुला, मी काई इचारलं का तुले?"

"तुमी नाई इचारलं, सिस्टर. गावानं इचारलं ना. सकाळी नळावर गेलती, तं बायका बादल्या उचलून बाजूले झाल्या." तिनं गिलास खाली ठेवला. "रविवारी बैठक हाय. रत्नदीप म्हन्ते, चहा बंद करू, पोलिसात अर्ज देऊ. मले ह्या गावात राह्यचं नाई मंग. भावाकडे नागपूरले चालली जाईन."

सिस्टर तिच्याजवळ खाली बसली. तिचा नवरा सात महिने अंथरुणाला खिळून होता, तेव्हा ही बाई रोज सकाळ-संध्याकाळ यायची. कोणी बोलावलं नव्हतं. एका अंगावर पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दोघी मिळून त्याला कुशीवर वळवायच्या. सात महिने, दिवसातून दोनदा. असे उपकार फिटत नाहीत, आणि पंचफुलानं ते कधी काढूनही दाखवले नव्हते.

"कुठंई जायचं नाई," सिस्टर म्हणाली. "रविवारपर्यंत दम धर. मले सांग, गंज चुलीवरून उतरला का मंग काय होते?"

"गाळून विहार झाडनाऱ्या डोमाजीले देऊन टाकतो आमी. तो वाटते सगळ्याइले. हाच गंज, हेच विहाराच्या बोअरचं पानी."

तेवढ्यात सिस्टरचा फोन वाजला. सेवाग्रामहून डॉक्टर बोलत होते. गुरुजी शुद्धीवर होते, बीपी उतरत होतं. "शुगर अगदी ठीक आहे सिस्टर. पण पोटॅशियम दोन पॉइंट सहा आहे, फारच कमी. पायांवर सूज आहे. हे एका दिवसाचं नाही, काही आठवड्यांपासून चाललंय. अंबाडीनं असं होत नाही. ते आणखी काहीतरी घेतायत आणि आम्हाला सांगत नाहीयेत. तुम्ही गावातच आहात, तर शोधा."

"गुरुजी काय म्हणतात?"

"म्हणतात, आणखी काहीच घेत नाही. आणि खरं सांगू, ते खोटं बोलतायत असं वाटत नाही."

३

बुधवारी सिस्टर रत्नदीपच्या दुकानात जाऊन बसली. पोरगा हुशार, मेहनती, पण या चहाच्या नावानं पहिल्यापासून नाक मुरडणारा. गाव म्हणायचं, गोळ्यांचा खप घटेल म्हणून जळतो. सिस्टरला ते पटत नव्हतं. तिनं कोणाची गोळी सोडूच दिली नव्हती, तर खप घटेल कुठून? पण एक गोष्ट तिला खुपत होती.

"रत्नदीप, गुरुजींच्या गोळीची पट्टी बदलली तू. जुनी निळी होती, आता हिरवी हाय."

"कंपनी बदलली, सिस्टर. औषध तेच, ताकद तीच. पाहा." त्यानं दोन्ही पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. सिस्टरनं चष्मा लावून वाचल्या. तेच होतं. पोरगा दुखावला होता, हेही तिला दिसलं.

"तुले त्या चहाचा एवढा राग काऊन?"

रत्नदीपनं पट्ट्या परत खोक्यात ठेवायला जरा जास्तच वेळ घेतला. "माही माय बीपीनंच गेली. कोनाच्या तरी काढ्यावर भरवसा ठेवून गोळ्या बंद केल्या तिनं. माह्या दुकानात गोळ्या भरून होत्या, अन् घरात माय गेली. मले रागच येते, सिस्टर. चूक का बरोबर, ते मले नाई माहीत."

सिस्टरनं चष्मा काढून पिशवीत ठेवला. मग तिनं विचारलं, "गाडीत गुरुजी काई बोलले?"

"पाय उचलत नाई म्हने. पंधरा दिवसापासून जिना चढाले होत नाई. अन् एक अजून. म्हने, पंचफुलाले बोल लावू नका, तिचा विहारातला चहा तं गोड असते."

"गोड?"

"भ्रम झाला असन. दोनशे दहा बीपीत माणूस काय बी बोलते."

सिस्टर उठली. अंबाडीचा चहा गोड म्हणणारा माणूस एक तर भ्रमात असला पाहिजे, नाहीतर चोरून साखर खाणारा. पण साखर खाल्ली असती तर शुगर वाढली असती, आणि ती तर अगदी ठीक होती. घरी येईपर्यंत ती हेच घोळवत राहिली.

४

गुरुजींचं जेवणखाण त्यांच्या सुनेच्या हातात होतं. सरिता, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गुरुवारी शाळा सुटल्यावर सिस्टर तिच्याकडे गेली. जाण्याआधी तिनं वही उघडून पाहिली होती, आणि वहीनं तिला जे सांगितलं ते बरं नव्हतं.

वर्षावास सुरू झाला तेव्हा गुरुजींचं बीपी एकशे चाळीस. महिन्यानं एकशे अठ्ठावन. मग ते लेकीकडे आष्टीला गेले, बारा दिवस राहिले, आणि परत आले त्या रविवारी एकशे छत्तीस. आल्यावर पुन्हा चढायला लागलं. एकशे अडुसष्टला सिस्टरनं त्यांना दवाखान्यात जा म्हणून बजावलं होतं. 'वर्षावास संपू दे,' म्हणून ते हसले, आणि पुढचे दोन रविवार बीपी मोजायलाच बसले नाहीत. तेव्हा कान धरून न्यायला पाहिजे होतं, असं आता सिस्टरला वाटत होतं. मास्तरचा कान धरायचा कोणी, हा प्रश्न होता.

"आष्टीले चहा पेत होते का ते?"

"पाकीट घेऊनच गेले होते," सरिता म्हणाली. "नणंदबाई सांगत होत्या, दिवसातून दोनदा. आंबट तोंड करायचे अन् प्यायचे."

म्हणजे पाकीट निर्दोष. लेकीकडे बीपी उतरतं, सुनेकडे चढतं. गाव याचा अर्थ काय लावेल हे सरितालाही कळत होतं. तिचे डोळे भरून आले.

"सिस्टर, मामाजीले मी मीठ मोजून देते. लोणचं बंद, पापड बंद. त्यांनी मला मुलीसारखं शिकवलं, नोकरीले लावलं. मी त्यांचं वाईट करन का?"

"मी तसं म्हणलं नाई, बाई."

पण मनात ते येऊन गेलं होतं, आणि सिस्टरला स्वतःचीच लाज वाटली. ती निघायला उठली. दारात सरिताच्या चपला होत्या, कोऱ्या करकरीत, आणि बाजूला जुन्याही, अजून चांगल्याच. नर्सला सवय असते, ती पायांकडे पाहते.

"ह्या चांगल्या असून नव्या घेतल्या?"

"जुन्या येईनात. ऑगस्टमध्ये पाय सुजले होते माझे. चेहरापण. आता उतरलं. ते बसून बसून झालं असेल."

"कुठं बसून?"

"विहारात. मामाजी आष्टीले होते ते बारा दिवस वाचन माझ्याकडे होतं ना."

सिस्टरचा एक पाय पायरीवर, एक खाली. ती तशीच थांबली.

"सरिता, नीट आठवून सांग. तिथला चहा कसा लागत होता?"

"छान लागायचा. गोडसर. घरी करते तर दात आंबतात. मला वाटलं, विहाराच्या बोअरचं पाणी चांगलं आहे."

५

शुक्रवारी सकाळी सिस्टरनं स्वतःसाठी चहा केला, वही पुढ्यात घेतली आणि बसली. जासूसी करायला काही बंदूक लागत नाही, डोकं जाग्यावर लागतं, असं ती स्वतःलाच म्हणाली.

गंज एक, पाणी एक. तिनं स्वतः दोन महिने त्याच बोअरच्या पाण्याचा तोच चहा प्यायला होता, आणि तो आंबटढाण होता. बाकीच्या दहाही जणांचं बीपी थोडंथोडं उतरलं होतं. म्हणजे पंचफुलाच्या गंजात दोष नाही. गुरुजी पाकीट घेऊन आष्टीला गेले, तिथं बरे राहिले. म्हणजे पाकिटात दोष नाही. गोळी तीच. सरिताच्या स्वयंपाकातही दोष नाही, कारण गुरुजी घरात नसताना तीच सुजली.

मग त्या दोघांत सारखं काय? एक म्हातारा, शुगरवाला. एक तरणीताठी, आजार काही नाही. दोघांत सारखी एकच गोष्ट होती. दोघंही वाचकाच्या आसनावर बसले होते. जो त्या आसनावर बसतो, त्याला चहा गोड लागतो आणि त्याचे पाय सुजतात.

आता, शुगर न वाढवता गोड काय लागतं?

सिस्टरला वीस-बावीस वर्षांपूर्वीचा वॉर्ड आठवला. एक भजनी म्हातारा, पाय लुळे पडलेले, बीपी आभाळाला. मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या सदऱ्याच्या खिशातून एक पिवळट मुळी काढून सगळ्या नर्सेसना दाखवली होती. घशासाठी सहा महिने चघळत होता. औषध म्हणून चार दिवस घेतली तर गुणाची, रोज भरपूर घेतली तर शरीरात मीठ-पाणी अडवून ठेवते, पोटॅशियम बाहेर काढते आणि बीपी चढवते. आणि चव साखरेहून गोड.

ज्येष्ठमध.

वाचकाच्या आवाजासाठी कोणीतरी ज्येष्ठमध घालत होतं. आणि गाळलेला चहा पंचफुलाच्या हातून सुटल्यावर वाचकाच्या हातात पोचेपर्यंत मध्ये एकच माणूस होता. सिस्टरला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. तसं वाटलं नाही.

६

शनिवारी संध्याकाळी लोक जमायच्या आधीच सिस्टर विहारात जाऊन वाचकाच्या जागी बसली.

डोमाजी झाडून घेत होते. सत्तरीचा माणूस, वाकलेला, पण विहाराची फरशी अशी ठेवलेली की वर दाणा सांडला तर उचलून खावा. गुरुजी पडल्यापासून चहा बंद होता, वाचन बंद होतं. तरी डोमाजी वेळेवर यायचे.

"डोमाजीदादा, आज दोन पानं मी वाचन म्हन्ते. पंचफुलाकडून चहा आनला मी. गुरुजीले देता तसा मले द्या."

त्यांचा चेहरा उजळला. लगबगीनं आत गेले, आणि गिलास दोन्ही हातांनी धरून घेऊन आले. सिस्टरनं एक घोट घेतला. गोड. रंगही लाल नव्हता, तांबूस काळा होता.

"ह्याच्यात काय हाय, दादा?"

"कळलं का तुमाले?" म्हातारा चक्क लाजला. "ज्येष्ठमध हाय. मूठभर कुटतो, सकाळी भिजवतो, अर्धं होतपर्यंत आटवतो; गुरुजी कवाबी येतीन म्हनून आजबी केलं होतं. आर्वीच्या बाजारातून आनतो मी. गुरुजीचा आवाज बसत होता पहिल्या आठवड्यात, मंग सुरू केलं. गूळ त्याइले चालत नाई, म्हनून मुळी. आवाज कसा खुलला, पाह्यलं ना?"

"गुरुजीले सांगतलं होतं तुमी?"

"सांगाचं कायले? सांगून देल्लं तं थे देनं कायचं?" ते फरशीवर बसले. "बावन्न वर्साचा होतो मी, सिस्टर. अंगठा लावत होतो. गुरुजीनं ह्याच वऱ्हांड्यात बसवून मले अक्षरं शिकवली. दोन पावसाळे. एकदा चिडले नाई. बस कुठची हाय हे लोकाइले इचारून इचारून जिंदगी गेलती माही. पयल्यांदा पाटी वाचली, 'वर्धा', तं मी बसमंदी चढलोच नाई. तिथंच उभा राह्यलो, रडत. त्या मानसाले मी काय देऊ? माह्यापाशी काय हाय?"

सिस्टरनं आयुष्यात कितीतरी जणांना वाईट बातम्या सांगितल्या होत्या. एवढी जड एकही नव्हती. तिनं गिलास बाजूला ठेवला, त्यांच्याजवळ फरशीवर बसली आणि हळूहळू, एकेक करून सगळं सांगितलं.

डोमाजींनी ऐकून घेतलं.

"मंग गुरुजीले म्याच पाडलं," ते म्हणाले.

"ते बरे झाले, दादा. उद्या दुपारी घरी येऊन राह्यले."

"अन् पंचफुलाले लोक बोलून राह्यले, तेबी माह्यामुळं." त्यांनी झाडू कोपऱ्यात उभा केला, विहाराची किल्ली सिस्टरच्या हातात ठेवली, आणि निघून गेले.

७

रविवारी विहार गच्च भरला. गुरुजी भिंतीला टेकून खुर्चीवर बसले होते, उतरलेले पण हसतमुख. पंचफुला दाराशी, सगळ्यांत मागे. तिच्या आजूबाजूला दोन हात जागा रिकामी होती.

सिस्टर आदल्या संध्याकाळपासून एकाच पेचात होती. पंचफुलावरचा आळ पुसायचा तर तो डोमाजीच्या माथी मारावा लागणार. एका गरिबाला सोडवायचं आणि दुसऱ्याला बांधायचं, हा कुठला न्याय? ती बोलायला उभी राहिली. "चहात दोष नव्हता. पंचफुलाचा काई दोष नाई. झालं ते चुकून—"

"चुकून म्या केलं," दारातून आवाज आला.

डोमाजी आले होते. आत न येता, उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी सगळं सांगितलं. ज्येष्ठमध, मूठ, आटवणं, सगळं. आवाज मोठा नव्हता, पण कोणाला ऐकू आलं नाही असं झालं नाही. "पंचफुलाबाईची माफी मांगतो. गुरुजीची मांगाले मले तोंड नाई. काय दंड द्याचा थो द्या."

सगळे गुरुजींकडे पाहायला लागले. गुरुजींचे डोळे वाहत होते. ते म्हणाले, "डोमाजी, माझा आवाज खरंच खुलला होता. मी मूर्ख, मला वाटलं माझ्याच गळ्याचा गुण." मग जरा दम घेऊन ते म्हणाले, "पण दंड ठरवायचा हक्क माझा नाही. बोल पंचफुलाबाईनं खाल्ले. तिला विचारा."

पंचफुला उठली. गर्दीतून वाट काढत पुढे आली, तेव्हा बायका बाजूला सरल्या, पण या वेळी वाट द्यायला सरल्या. रत्नदीप खाली मान घालून म्हणाला, "काकू, माह्यं चुकलं. माह्या बायकोनं वापस ठेवलेली पाकिटं सकाळी घरी नेतो. अन् दुकानात ठेवासाठीबी द्या, गोळीच्या बाजूले ठेवतो."

"नेजो, बाबू," ती म्हणाली. मग डोमाजीकडे वळली. "दंड हाय. आत या पहिले."

डोमाजी आत आले.

"गुरुजीले डॉक्टरनं महिनाभर वाचाले मना केलं. वर्षावास अजून सरला नाई. मंग वाचन तुमी कराचं. रोज. हाच दंड."

"मले?" डोमाजी मागे सरकले. "बाई, मले पाटी वाचता येते. ग्रंथ नाई."

"अक्षरं तेच असतीन ना, गुरुजी?"

"तेच," गुरुजी म्हणाले.

विमला सिस्टरला तेव्हा फार भरून आलं. नवऱ्याच्या अंथरुणापाशी ही बाई जशी न बोलता उभी राहायची, तशीच आता उभी होती. कोणाला पडू द्यायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. आपल्या वाट्याला असा शेजार आला, याचे आभार कोणाचे मानावेत हे सिस्टरला कळेना, म्हणून तिनं नुसता पदर डोळ्यांना लावला.

डोमाजी आसनावर बसले. त्यांनी ग्रंथ उघडला, ओळीखाली बोट ठेवलं, आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागले. अर्धं पान व्हायला पाऊण तास लागला. कोणी उठलं नाही. एका जोडाक्षरापाशी बोट अडलं आणि पुढे जाईना. गुरुजींचे ओठ हलले, पण त्यांनी ते मिटून घेतले. डोमाजींनी घाबरून वर पाहिलं.

"सावकाश वाचा, डोमाजी," पंचफुला म्हणाली. "आमी बसलो हाओत."

त्यांनी पुन्हा बोट ठेवलं, आणि तो शब्द त्यांना लागला.